विद्युत् चुंबकीय ड्रम ब्रेक

विद्युत् चुंबकीय ड्रम ब्रेक : फिरत्या दंडावर बसविलेल्या ड्रमवर दोन बाजूंनी शू दाबून यंत्राची गती थांबविणारे व थांबलेले यंत्र त्याच स्थितीत रोखून धरणारे साधन. याऱ्या, विंच, वाहक पट्टे, पोलादाच्या कारखान्यांतील लाटण यंत्रे इत्यादींमध्ये याचा उपयोग करतात. नावावरून चुंबकाच्या बळाने ब्रेक लागत असावा असा समज होण्याचा संभव आहे. औद्योगिक यंत्रांवरील नेहमीच्या प्रकारात वस्तुस्थिती याच्या उलट असते. येथे स्प्रिंगच्या दाबाने ब्रेक लागतो आणि विद्युत् चुंबक तो सोडवितो. त्यामुळे वीजपुरवठा अचानक बंद पडला, तार तुटली किंवा चुंबकाचे वेटोळे जळाले, तरी ब्रेक लागतो आणि अधांतरी असलेला भार खाली येत नाही. दोष उद्‌भवल्यास यंत्राने सुरक्षित स्थितीत जावे, हे या योजनेमागील तत्त्व आहे. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७२ मध्ये तयार केलेल्या आगगाडीच्या स्वयंचलित हवा ब्रेकमध्येही नळीतील हवेचा दाब नाहीसा होताच ब्रेक लागण्याची अशीच व्यवस्था होती.

रचना व कार्य : बिडाचा किंवा पोलादाचा ड्रम दंडावर चावीने पक्का बसविलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंस पायाच्या बैठकीला खिळींनी जोडलेले दोन उभे बाहू असून त्यांवर शू बसविलेले असतात. शूच्या आतील पृष्ठावर घर्षण पदार्थाचे लायनर रिव्हेटांनी वा चिकटद्रव्याने बसवितात. दाबलेली स्प्रिंग दोन्ही बाहू एकमेकांकडे ओढते. मोटरला वीजपुरवठा होताच चुंबकाच्या वेटोळ्यातूनही प्रवाह वाहू लागतो, सरकता गाभा आत ओढला जातो आणि तरफांच्या योगाने बाहू दूर होऊन ड्रम मोकळा होतो.

प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहावरील चुंबक झटकन काम करतो. परंतु त्याचा गाभा पूर्णपणे बंद झाला नाही, तर वेटोळ्यातून नेहमीच्या कित्येक पट प्रवाह वाहत राहतो व ते थोड्याच वेळात जळते. एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहावरील चुंबकात हा धोका नसतो. तथापि प्रवाह तोडल्यावर चुंबकत्व नाहीसे होण्यास थोडा वेळ लागतो व ब्रेक उशिरा लागतो. एकदिशकारकाची प्रत्यावर्ती बाजूच तेवढी तोडली, तर वेटोळ्यातील प्रवाह एकदिशकारकातून फिरत राहतो आणि हा विलंब वाढतो. म्हणून भार उचलणाऱ्या यंत्रात एकदिश बाजूही तोडण्याची व्यवस्था करतात. मिनिटाला १० मी. वेगाने उतरणारा भार ०.३ सेकंदाच्या विलंबात ब्रेक पकडण्यापूर्वीच निदान ५ सेंमी. खाली जातो, यावरून या बाबीचे महत्त्व लक्षात येईल.

निवड : ब्रेकचे पीळ परिबल (दंड फिरविणाऱ्या वा रोखणाऱ्या प्रेरणेचे परिबल) मोटरच्या पीळ परिबलावरून ठरवितात. मोटरची किलोवॉटमधील शक्ती ९,५५० ने गुणून मिनिटातील फेऱ्यांनी भागली असता न्यूटन मीटरमध्ये परिबल मिळते. उदा., १५ किलोवॉट शक्तीच्या व मिनिटाला ९६० फेरे करणाऱ्या मोटरचे परिबल सुमारे १४९ न्यूटन मीटर असते. भार उचलण्याच्या गतीसाठी दीडपट ब्रेक घ्यावयाचा झाल्यास त्याचे परिबल सुमारे २२४ न्यूटन मीटर हवे. ड्रमचा व्यास २०० मिमी. व घर्षणांक ०.३५ असल्यास प्रत्येक शूवर सुमारे ३,२०० न्यूटन दाब लागेल. लायनरवर तेल पडून घर्षणांक निम्मा झाला, तर तेवढ्याच दाबाने परिबल ११२ न्यूटन मीटर म्हणजे मोटरच्या परिबलापेक्षाही कमी होईल. यारी आडवी चालविण्याच्या गतीसाठी मात्र फार मोठे परिबल इष्ट नसते. यारी एकाएकी थांबली, तर टांगलेला भार झोके घेऊ लागतो.

उभारणी : दंतचक्रपेटीच्या मोटरकडील जलदगती दंडावर परिबल कमी असल्याने तेथे लहान ब्रेक पुरतो. मात्र ड्रम कपलिंगच्या मोटरकडील अर्ध्या भागावर न बसविता पेटीकडील दंडावर बसविणे श्रेयस्कर असते, म्हणजे कपलिंग तुटले तरी भार ब्रेकच्याच ताब्यात राहतो. पेटीतील दंतचक्रच तुटल्यास या ब्रेकचा उपयोग होत नाही. म्हणून वितळलेला धातू वाहणाऱ्या याऱ्यांवर एकापेक्षा अधिक ब्रेक आणि काही ठिकाणी दोर गुंडाळण्याच्या पिंपावर स्वतंत्र ब्रेक बसवितात.

बैठक दृढ व समतल असावी लागते. ड्रमचा व शूंचा मध्य एकाच उंचीवर येईल अशा रीतीने बैठकीखाली पातळ पत्रे घालून ब्रेक जुळवितात. ड्रम हाताने फिरवून त्याचा डोल डायल गेजने तपासतात. गंज लागू नये म्हणून कारखान्यातून निघताना ड्रमला लावलेले तेल पूर्णपणे पुसून काढणे आवश्यक असते. लायनर ड्रमला बहुतांश पृष्ठावर टेकते की नाही, हे पाहून उंचवटे घासून काढतात. ब्रेक सुटलेल्या स्थितीत दोन्ही बाजूंची फट सारखी असावी. ती यंत्राच्या आकारमानानुसार सामान्यतः १ मिमी.च्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात. फट असमान असल्यास एक शू सतत घासत राहतो व ड्रम तापतो.

वेटोळ्यावर नोंदलेला विद्युत् दाब आणि प्रत्यक्ष पुरवठा जुळतो की नाही, हे जोडणीपूर्वी पाहावे लागते. मोटरचा वेग कंप्रता बदलून नियंत्रित केला जात असेल, तर ब्रेकचा पुरवठा मोटरच्या अग्रांवरून घेता येत नाही; कारण कमी वेगाला तेथील दाबही कमी असतो व चुंबक उचलत नाही. अशा वेळी स्वतंत्र पुरवठा देतात आणि मोटरमध्ये पुरेसे परिबल निर्माण झाल्यानंतरच ब्रेक सुटेल अशी नियंत्रणाची योजना करतात.

निगा : ब्रेकमधील बहुतेक दोषांचे मूळ लायनरच्या झिजेत असते. लायनर झिजले की शूला अधिक अंतर पुढे जावे लागते. त्यामुळे स्प्रिंग सैल होऊन तिचा दाब घटतो व ब्रेक घसरू लागतो. त्याच वेळी चुंबक व गाभा यांतील अंतर वाढते. चुंबकाचे ओढबळ अंतर वाढताच झपाट्याने कमी होत असल्याने ब्रेक पुरता सुटत नाही, लायनर घासून तापते आणि वेटोळे जळण्याचा संभव निर्माण होतो. अशा वेळी केवळ स्प्रिंग आवळणे हा उपाय नव्हे. त्याने चुंबकावरील भार वाढतो आणि मूळ दोष झाकला जातो. प्रथम फट व गाभ्याची चाल निर्मात्याने दिलेल्या मापावर आणून नंतरच स्प्रिंगची लांबी जुळवावी लागते. रिव्हेटांची डोकी ड्रमला लागण्यापूर्वी लायनर बदलतात आणि ते दोन्ही शूंवर एकाच वेळी बदलतात.

नियमित तपासणीत खिळी व त्यांची भोके यांतील झीज, स्प्रिंगवरील तडे, ड्रमवरील चरे, उष्णतेने पडलेल्या भेगा आणि तारांच्या जोडण्या पाहतात. खिळींना वंगण अल्प प्रमाणातच देतात; कारण जास्तीचे वंगण ओघळून ड्रमवर येते. तेलाने भिजलेले लायनर पुसून पुन्हा वापरणे धोक्याचे असते. प्रत्यावर्ती प्रवाहावरील चुंबक घरघर आवाज करू लागल्यास गाभ्याच्या पृष्ठावर धूळ साचली आहे किंवा त्यातील तांब्याचे कडे तुटले आहे, असे समजावे. पूर्वी लायनरांत ॲस्बेस्टस सर्रास वापरीत असत. त्याच्या धुळीमुळे फुप्फुसांचे गंभीर विकार व कर्करोग होत असल्याने जुन्या ब्रेकमधील भुकटी हवेच्या झोताने न उडविता ओल्या फडक्याने पुसून काढतात.

सुरक्षितता : हे काम सुरू करण्यापूर्वी भार जमिनीवर टेकविणे व मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावणे हे नियम अनुल्लंघनीय आहेत. आकडीला भार असताना ब्रेक उघडल्यास त्याला रोखणारे दुसरे काहीही शिल्लक नसते. हाताने ब्रेक सोडविण्याची तरफ आणीबाणीत अडकलेला भार थोडाथोडा उतरविण्यासाठी असते; ती बांधून ठेवून यंत्र चालविल्यास स्प्रिंगने मिळणारी सुरक्षितता नाहीशी होते. जुळणी पुरी झाल्यावर भार जमिनीपासून थोडासाच उचलून थांबवितात आणि तो घसरत नाही याची खात्री करून घेतात. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमातील २९ व्या कलमाने उचल यंत्रांची बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करण्याचे बंधन घातले. लायनरची झीज मात्र वर्षाच्या मुदतीने चालत नाही. दिवसातून शेकडो वेळा थांबणाऱ्या यारीवर ती काही आठवड्यांतच जाणवू लागते. म्हणून प्रत्येक पाळीच्या आरंभी ब्रेकची चाचणी घेण्याची पद्धत चांगल्या कारखान्यांत रूढ आहे.