पाखराची भीती जावी म्हणून

परंडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला गेलात, की देवाआधी माकडंच भेटतात! अशा गावात हौसेनं आणलेल्या लव्हबर्डचा पिंजरा ओसरीवर टांगला, तर काय होणार? पत्र्यावर धप्पकन उडी पडली, की पाखरू तारांवर आदळतं. आपण म्हणतो, "किती हे भित्रं!"

मैत्रिणींनो, चुकते ती जागा. पिंजरा आतल्या खोलीत, डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागेल असा ठेवा. स्वयंपाकघरात नको, धूर त्याला सोसत नाही. पहिले काही दिवस हात आत घालूच नका. जवळ बसून भाजी निवडा, हलक्या आवाजात बोला. मग रोज ठराविक वेळी जाळीतून राळ्याचं कणीस पुढं करा. घेतलं तर छानच, नाहीतर उद्या!

आणि हो, हे लव्हबर्ड म्हणून मिळणाऱ्या, मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या बजरीगरसाठी, बरं का. आपला हिरवा पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. कुणी पिल्लू दारात विकायला आणलं, तरी घेऊ नका. जखमी सापडलं, तर वनखात्याला कळवा. त्याला निर्धास्त वाटतं ते झाडाच्या ढोलीतच.