पत्रे ठोकल्यावर जाग येते

मुंबईत एखाद्या मोकळ्या भूखंडावर काय उभं राहणार, हे शेजाऱ्यांना सर्वांत आधी पत्रे सांगतात. एका सकाळी भूखंडाभोवती उंच पत्रे ठोकलेले दिसतात, दुपारी जेसीबी येतो आणि संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरू लागतात. कोणी म्हणतं टॉवर, कोणी म्हणतं मॉल, कोणी शपथेवर सांगतं की खाली दोन मजले पार्किंग आणि वर बाग. मग चार-पाच जण वॉर्ड ऑफिसात धडकतात. तिथून त्यांची रवानगी इमारत प्रस्ताव विभागाकडे होते. तिथला अभियंता फाइल न उघडताच सांगतो, ‘हरकतींची मुदत केव्हाच संपली.’

त्याचं म्हणणं खोटं नसतं, हीच तर अडचण. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ हा कायदा नागरिकाला तोंड उघडायची संधी देतो ती आराखड्याच्या टप्प्यावर. प्रारूप विकास आराखडा तयार झाला की कलम २६ प्रमाणे राजपत्रात आणि वृत्तपत्रांत सूचना येते, हरकती-सूचना मागवल्या जातात, नियोजन समितीसमोर सुनावणी होते आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देतं. मंजूर आराखड्यात फेरफार करायचा तर कलम ३७ खाली पुन्हा सूचना, पुन्हा महिनाभराची मुदत. पण जमिनीचा झोन आणि बांधकामाची नियमावली एकदा ठरली, की प्रत्यक्ष इमारतीची परवानगी हा मालक, त्याचा आर्किटेक्ट आणि महापालिका यांच्यातला मामला उरतो. इमारत नियमात बसते का, एवढंच तिथे पाहिलं जातं. शेजाऱ्याला विचारण्याची तरतूद नाही. लोक भांडायला येतात दुसऱ्या अंकात आणि त्यांचे संवाद असतात पहिल्या अंकात, असा हा प्रकार.

पहिला अंक चुकतो कसा, हे जाहीर सूचना वाचली की कळतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, नोकरभरती आणि हरवलेल्या दाखल्यांच्या शेजारी, बारीक टाइपात मजकूर असतो. मौजे अमुक, नगर भूमापन क्रमांक तमुक (भाग) यावरील आरक्षणाचा काही भाग वगळून तो रहिवास क्षेत्रात समाविष्ट करण्याचे प्रस्तावित आहे, नकाशा अमक्या कार्यालयात कामकाजाच्या वेळेत पाहण्यास उपलब्ध आहे, वगैरे. आपण राहतो त्या गल्लीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. गल्लीतल्या मैदानाचा नगर भूमापन क्रमांक किती जणांना सांगता येईल? सूचना दिली गेली, कायद्याचं समाधान झालं. मैदानावर खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांना पत्ता लागला नाही तो नाहीच.

लोकांना पडलेलीच नसते, असा एक लाडका आक्षेप सरकारी कचेऱ्यांत ऐकू येतो. तो पटण्यासारखा नाही. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा २०१५ च्या सुरुवातीला जाहीर झाला, तेव्हा नकाशे इंटरनेटवर आले होते. लोकांनी आपापला विभाग शोधून पाहिला आणि हलकल्लोळ झाला. उभ्या इमारतींवरून प्रस्तावित रस्ते गेलेले, वारसा वास्तूंची नोंद नाही, प्रार्थनास्थळांना भलतेच रंग. हजारोंच्या संख्येने हरकती दाखल झाल्या. अखेर एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा नव्याने करण्याचे आदेश दिले, आणि सुधारित आराखड्याला मंजुरी मिळायला मे २०१८ उजाडला. पुण्यात जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ साली सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. मार्च २०१५ मध्ये सरकारने तो आराखडा महापालिकेच्या हातातून काढून घेतला. कळेल अशा रीतीने सांगितलं की लोक बोलतात, भरपूर बोलतात.

आता पार्किंगकडे वळू, कारण झोन आणि चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय) हे शब्द सामान्य माणसाच्या दाराशी येतात ते गाडीच्या रूपाने. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत एका मोटारीच्या जागेचं माप अडीच मीटर बाय पाच मीटर आहे, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनातल्या घराचं किमान चटईक्षेत्र २७.८८ चौरस मीटर, जुन्या भाषेत ३०० चौरस फूट. दोन गाड्या शेजारी शेजारी लावल्या, की जवळजवळ एका कुटुंबाचं घर झालं. वर गाडी वळवायला जागा, उतार, लिफ्ट हे वेगळंच.

एवढी जागा इमारतीच्या एफएसआयमध्ये मोजायची की नाही, यावर मुंबईत कोट्यवधींची उलाढाल झाली आहे. पार्किंग एफएसआयमुक्त होतं, तेव्हा घरांच्या खाली पोडियमचे मजल्यावर मजले चढले आणि इमारतीचा पहिला फ्लॅट आपोआप आभाळात गेला. त्याच काळात फुलझाडांच्या कुंड्यांसाठी म्हणून सोडलेली जागा, कोनाडे, मोकळी पोकळी अशा नाना नावांनी एफएसआयमुक्त क्षेत्र मंजूर व्हायचं आणि ताबा मिळाल्यावर खोलीत सामील व्हायचं. यातलं बरंचसं आयुक्तांच्या स्वेच्छाधिकारात मंजूर होई, त्यामुळे शेजारच्या दोन भूखंडांना दोन न्याय लागले तरी कारण कळत नसे. आयुक्त सुबोध कुमार यांच्या कारकिर्दीत, जानेवारी २०१२ मध्ये, नियमावली बदलली. कुंड्या, कोनाडे, पोकळी अशा जागा एफएसआयमध्ये मोजायच्या, आणि त्याबदल्यात अधिमूल्य भरून निवासी इमारतीला ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय घ्यायचा. बांधकाम कमी झालं का, हा वेगळा वाद. किमान काय मिळतं आणि कितीला मिळतं, हे कागदावर आलं.

सार्वजनिक वाहनतळांची कथा याहून बोलकी आहे. मुंबईच्या नियमावलीत २००८ साली ३३(२४) हा नियम आला. विकासकाने आपल्या प्रकल्पात सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला विनामूल्य द्यायचा आणि मोबदल्यात जादा चटईक्षेत्र घ्यायचं. कागदावर दोघांचाही फायदा. शेजारच्या रहिवाशांच्या वाट्याला मात्र आधीच चिंचोळ्या रस्त्यावर आणखी उंच टॉवर आणि आणखी शेकडो गाड्यांची ये-जा आली, आणि त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. पुढे वाहनतळ ताब्यात आले तेव्हा त्यातले अनेक रिकामे पडून राहिले. प्रवेश टॉवरच्या मागच्या बाजूने, दारात सोसायटीचाच वाटावा असा रखवालदार, बाहेर फलक असला तर झाडाआड. शिवाय समोरचा रस्ता फुकट असताना उतार उतरून पैसे मोजायला कोण जाणार? जुलै २०१९ मध्ये महापालिकेने वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा गाडी लावणाऱ्यांना जबर दंड लावला. दुचाकीलाच पाच हजार रुपये, पुढे वाहनाच्या आकाराप्रमाणे वाढत जाणारा. ज्या रहिवाशांना वाहनतळ कधी मंजूर झाला हे माहीत नव्हतं, त्यांना तो आपल्या दारापासून किती मीटरवर आहे हे दंडाच्या पावतीने शिकवलं.

वांद्र्याला २०२३ मध्ये वाद पेटला तो रावसाहेब पटवर्धन उद्यानावरून. लिंकिंग रोडवर खरेदीला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी या बागेखाली भूमिगत वाहनतळ करायचा महापालिकेचा बेत होता. वर बाग पुन्हा करून देऊ, हे आश्वासन रहिवाशांना पुरलं नाही. काँक्रीटच्या छतावर किती फूट माती टाकणार आणि त्यात वड-पिंपळ कसा जगणार, असा त्यांचा साधा प्रश्न होता, आणि तो घेऊन ते उच्च न्यायालयात गेले. मुंबादेवी मंदिरापाशी यांत्रिक वाहनतळाचा मनोरा उभारायचं ठरलं, तेव्हा तिथले व्यापारी आणि रहिवासी असेच उठले. गाड्यांना जागा हवी हे दोन्हीकडच्या लोकांना मान्य होतं. जागा ठरवताना आपल्याला खिजगणतीतही धरलं नाही, हा राग मोठा होता.

गुपचूप फेरफाराचं सर्वांत नामांकित उदाहरण अर्थातच कुलाब्याच्या आदर्श सोसायटीच्या इमारतीचं. तिथल्या कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाची आराखड्यातली रुंदी ६०.९७ मीटरवरून १८.४० मीटरवर आणली गेली आणि त्यातून मोकळ्या झालेल्या जमिनीवर ३१ मजले चढले. फेरफाराची अधिसूचना २००२ ची, बोभाटा झाला २०१० मध्ये. मधल्या आठ वर्षांत तो कागद सरकारी दप्तरातच होता, कोणी लपवून ठेवलेला नव्हता.

गोव्यात भांडण झोनचं असतं आणि ते गल्लीपुरतं राहत नाही. तिथे प्रादेशिक आराखडा २०११ विरोधात गोवा बचाव अभियानाने रान उठवल्यावर २००७ मध्ये सरकारने तो मागे घेतला. नंतरचा २०२१ चा आराखडा टिकला, पण त्याला कायद्यातून खिडक्या पाडल्या गेल्या. २०२३ मध्ये नगर नियोजन कायद्यात आलेल्या कलम १७(२) चा आधार होता आराखड्यातल्या अनवधानाने झालेल्या चुका. जमीनमालकाने अर्ज करायचा, माझी जमीन चुकून शेती किंवा बागायत दाखवली गेली आहे, आणि खात्याने ती दुरुस्त करायची. जनतेच्या हरकतींना वाव नाही. अनवधानाच्या चुका इतक्या असू शकतात आणि त्या बहुतेक घर बांधण्याजोग्या जमिनींवरच कशा होतात, हे कोडं गोंयकारांना पडणं साहजिक होतं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्दबातल ठरवली. त्याआधीच, २०२४ मध्ये, ३९अ हे कलम आलं होतं. त्यात हरकतींसाठी ३० दिवस आहेत, पण बदल तसाच, एकेका अर्जावर, एकेका तुकड्याचा. गावाने कोणकोणत्या सर्व्हे नंबरवर डोळा ठेवायचा?

सोसायटीच्या कुंपणाच्या आतलं, पार्किंगचं युद्ध याहून जुनं आहे. स्टिल्टखालची जागा बिल्डरने कोणाला ‘विकली’ आणि कोणाला नाही, यावरून एकेका सोसायटीत पिढीजात वैर आहे. दहिसरच्या पांचाली सोसायटीचा असाच दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०१० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की स्टिल्ट पार्किंग हा सामाईक भाग आहे, बिल्डरला तो फ्लॅटपासून वेगळा विकता येत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार वाटप करायचं ते सर्वसाधारण सभेने, आणि गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठ्या टाकल्या जातातही. पण ज्याने बिल्डरला रोखीने पाच-सात लाख मोजलेत, त्याच्या हाती पावती नसते आणि जागा सोडायची तयारीही नसते. सभेत तो शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसतो आणि सेक्रेटरीने डबा हलवायला घेतला की उभा राहतो.

नव्या प्रकल्पांत निदान कागद सुधारतोय. महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये आदेश काढला की वाटपपत्रात आणि करारनाम्यात पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकं ठिकाण जोडपत्र म्हणून द्यावं. कारण तक्रारींचं स्वरूपच तसं होतं. जागा मिळाली, पण मध्ये खांब, वर तुळई, दार उघडेना. प्रकल्पाचे मंजूर नकाशेही महारेराच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात, त्यामुळे पत्र्याआड काय चाललंय हे शेजाऱ्यालाही घरबसल्या पाहता येतं. ही वाट फार कमी जणांना ठाऊक आहे.

एकत्रित नियमावलीतले पार्किंगचे निकष कमी करण्याच्या सरकारी फेरफाराला नवी मुंबईतल्या एका नागरिकाने आव्हान दिलं, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारलाच विचारलं की, एकच फ्लॅट असलेल्या कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ का देता, जागा आहे का हे पाहत का नाही. जपानमध्ये १९६२ पासून हे पाहिलं जातं. घरापासून ठरावीक अंतरात जागा असल्याचा पोलिसांचा दाखला असेल तरच गाडीची नोंदणी होते. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी महाराष्ट्रातही पार्किंगच्या दाखल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, असा विचार मांडला. दाखला देणार कोण, इथे गाडी अडते. गिरगावातल्या चाळीला, गावठाणातल्या घराला, पुनर्विकासात भाड्याने पांगलेल्या भाडेकरूला तो कोण देणार? सोसायटीने द्यायचा म्हटलं तर मंजूर नकाशात पार्किंगच्या जागा किती, हे आधी बघावं लागेल. तो नकाशा कमिटीच्या कपाटात असतोच असं नाही. कितीतरी जुन्या सोसायट्यांना आपल्याच इमारतीच्या नकाशाची प्रत आजही माहितीच्या अधिकारात अर्ज करून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून मिळवावी लागते.