अमेरिकेतलं युद्ध आणि खानदेशचा कापूस

मुक्ताईनगरला एदलाबाद म्हणत त्या काळची ही हकीगत. १८६१ नंतर खानदेशच्या कापसाचे भाव एकदम चढले. कारण मात्र सातासमुद्रापलीकडचं!

अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचे मळे पिकत ते गुलामांच्या घामावर. हे गुलाम सुमारे चाळीस लाख. नव्या मुलखात गुलामी पसरू द्यायची नाही, असं म्हणणारे लिंकन १८६० साली निवडून आले आणि दक्षिणेतली राज्यं फुटू लागली. पुढं ती अकरा झाली. राज्यांच्या हक्कांसाठी लढलो, असं ती मागाहून म्हणाली. पण हक्क कसला? माणूस विकण्याचाच ना!

उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली. विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा व्यापारी इकडे वळले. आपल्यावरच्या प्रेमानं नव्हे, बरं का!

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकननी बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त जाहीर केले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. इकडे भाव कोसळले, मुंबईत शेअरवाल्यांची दिवाळी निघाली, आणि तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेला कुणबी सावकाराच्या वहीत अडकला.

त्याच डिसेंबरात अमेरिकेत गुलामी कायद्यानं बंद झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केलं.