काया आणि ग्रीवा

1972 साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने निगडीच्या परिसरात आखलेल्या पेठांतून ज्या कामगार कुटुंबांनी संसार मांडले, त्यांतील पुष्कळ गृहिणी आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत. आणि पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे लोटल्यावर एखाद्या दिवशी कपड्यावर लाल डाग दिसला, तर 'उष्णता झाली असेल' असे म्हणून तो सुनेपासूनही लपविण्याची जी रीत त्या पिढीत रूढ आहे, ती गर्भाशयाच्या कर्करोगाच्या फार पथ्यावर पडते. वास्तविक, या रोगाइतकी वेळेवर वर्दी देणारा दुसरा कर्करोग विरळाच.

ही वर्दी मिळाल्यावर करावयाची खातरजमा अल्प आहे. सोनोग्राफीत गर्भाशयाचे आतले अस्तर 4 मिलिमीटरहून जाड आढळले, किंवा रक्तस्राव पुनःपुन्हा होत राहिला, तर एका बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेऊन तो तपासणीस पाठवावयाचा. बहुधा भूलही द्यावी लागत नाही. परंतु तुकडा न तपासताच 'पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटली' असा सल्ला देणारे, आणि तो सुटकेच्या भावनेने स्वीकारणारे, आपल्याकडे विपुल आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या बाबतीत अशा घाईने केवढा अनर्थ केला, हे 2019 साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली तेव्हा सर्वांस कळलेच.

कर्करोगाच्या बाबतीत या घाईचा दोष आणखी निराळा. गर्भाशयाच्या वरच्या भागाला, म्हणजे कायेला, झालेला कर्करोग आणि खाली मुखाशी, म्हणजे ग्रीवेला, झालेला कर्करोग एकाच अवयवात उद्भवत असले, तरी त्यांच्या शस्त्रक्रियांचा बेत एक नव्हे. ग्रीवेचा रोग आजूबाजूला पसरतो, म्हणून गर्भाशयाबरोबर त्याच्या कडेचे ऊतक आणि योनीचा वरचा अंशही काढावा लागतो, आणि त्यातून मूत्रवाहिनी अलगद सोडवून घेण्यात शल्यविशारदाची खरी कसोटी लागते. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी 1898 मध्ये ज्या शस्त्रक्रियेला आरंभ केला ती हीच. गाठ फार वाढली असेल तर शस्त्रक्रियेचा हट्ट सोडून किरणोपचार व औषधे यांवरच भिस्त ठेवतात. कायेच्या रोगात इतकी खोल खोदाई बहुधा लागत नाही: गर्भाशय, दोन्ही गर्भनलिका आणि अंडाशये काढणे हे मुख्य काम.

त्या जोडीला लसीकाग्रंथींची तपासणी असते, आणि ती पाहण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेच्या आरंभी ग्रीवेत एक हिरवे रंगद्रव्य टोचतात. काही वेळातच ते लसीकावाहिन्यांतून वर सरकते, आणि विशेष प्रकाश लावला की ओटीपोटातील पहिली ग्रंथी पडद्यावर हिरवीगार झळकू लागते. दोन्ही बाजूंच्या अशा पहिल्या ग्रंथी तेवढ्या काढून तपासल्या, तर पूर्वीप्रमाणे सरसकट साऱ्या ग्रंथी काढण्याची, आणि पुढे जन्मभर सुजलेले पाय वागविण्याची, आपत्ती पुष्कळ अंशी टळते. गर्भाशय मात्र अखंडच बाहेर यावयास हवे. आत त्याचे तुकडे केले तर रोगाच्या पेशी पोटभर विखुरण्याची धास्ती असते. निदान न करताच 'पिशवी' काढण्याच्या घाईत नेमकी हीच दक्षता राहून जाते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की पुण्याचे नाव येतेच. डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीवेच्या कर्करोगावरील अशी शस्त्रक्रिया 'पुणे टेक्निक' या नावाने, 248 रुग्णांच्या अनुभवासह, 2007 मध्ये जगापुढे मांडली, आणि छोट्या छिद्रांतून एवढे मोठे काम होते याचे कौतुकही झाले. पुढे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील 631 स्त्रियांच्या चाचणीने मात्र साऱ्यांनाच विचार करावयास लावले: साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत 96.5 टक्के, तर दुर्बिणीच्या गटात 86 टक्के भरले. तेव्हापासून ग्रीवेसाठी जुना मोठा छेदच पुन्हा प्रमाण मानला जातो. याउलट कायेच्या कर्करोगावरील 760 स्त्रियांच्या, 2017 मधील चाचणीत तेच आकडे 81.3 आणि 81.6 असे आले, म्हणजे फरक जवळजवळ शून्य. तेथे दुर्बीण निर्धास्त वापरावी. टाके किती पडतील, हे डॉक्टरांना विचारण्यापूर्वी रोग कोणत्या टोकाला आहे हे विचारणारा नातेवाईक मला अधिक शहाणा वाटतो.

मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीला, कायेचा रोग अगदी आरंभीचा व सौम्य असेल तर, संप्रेरकांच्या औषधांवर आणि वारंवारच्या तपासणीवर गर्भाशय राखण्याची मुभा असते. ती तात्पुरती आहे हे तिला स्पष्ट सांगावे. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया मोडतात, आणि ज्यांचे कामगार विम्याचे कार्ड चालू आहे त्यांस तीही तजवीज आहे. काढलेले गर्भाशय विकृतिशास्त्रज्ञाकडे जाते. रोग स्नायूच्या भिंतीत निम्म्याहून अधिक खोल गेला होता काय, हे त्याचा लेखी अहवाल आल्यावर निश्चित कळते, आणि किरणोपचाराचा निर्णय त्यानंतरच होतो. तो कागद घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नये.