इंग्रजीचे मास्तर आणि जन्माचा दाखला

इंग्रजी शिकवण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न वाचून वाचक हसतील. ज्याला इंग्रजी येते आणि दुसऱ्याला शिकवता येते त्याचा, असे चौथीतले पोरही सांगेल. पण जगाच्या बाजारात या प्रश्नाचे उत्तर गेली साठ-पासष्ट वर्षे निराळेच दिले जात आहे. ज्याचा जन्म इंग्रजी बोलणाऱ्याच्या घरात झाला तोच अस्सल इंग्रजी मास्तर, बाकीचे सगळे उसने, असे ते उत्तर आहे. जन्मावरून लायकी ठरवण्याची ही रीत आपल्या माणसांना कोणी नव्याने समजावून सांगायला नको.

हा विषय आमच्या डोक्यात घातला तो आमच्या कळव्यातील एका मुलीने. तिची नोकरी दरवर्षी नव्या करारावर चालते, म्हणून तिचे नाव येथे देत नाही. पारसिकच्या डोंगराच्या उतारावर घर, वडील कारखान्यात कंत्राटी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. सातवीपर्यंत पालिकेची मराठी शाळा. पुढे इंग्रजी विषय घेऊन बी.ए., मग बी.एड. दोन वर्षे एका खाजगी शाळेत शिकवले. तेथे सही एका आकड्यावर आणि हातात पगार दुसराच. शेवटी पतपेढीचे कर्ज काढून विमानाचे तिकीट काढले आणि ती थायलंडला गेली. बँकॉकपासून काही तासांच्या अंतरावर एका गावच्या शाळेत ती इंग्रजी शिकवते. तिकडच्या शाळांना मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, त्यामुळे भीमजयंतीला ती घरी होती. विहारातल्या आमच्या रविवारच्या वर्गात ती आली आणि बँकॉकला भरलेल्या इंग्रजी शिक्षकांच्या मेळाव्याची हकिकत तिने मुलांना सांगितली. मुले ऐकत होती आणि मागच्या भिंतीला टेकून त्यांच्या आयाही ऐकत होत्या.

असे मेळावे आता जगभर भरतात. अमेरिकेत इंग्रजी शिकवणाऱ्यांची टेसॉल ही संघटना १९६६ साली निघाली, इंग्लंडमध्ये आयटेफल ही १९६७ साली, आणि आपल्या देशातली शिक्षकांची संघटना एल्टाय ही १९६९ पासून चेन्नईहून चालते. थायलंड, जपान, कोरिया, आखाती देश, सगळीकडे त्यांची भावंडे आहेत. दोन-तीन दिवस एखाद्या मोठ्या हॉटेलात नाहीतर विद्यापीठात शिक्षक जमतात. एकाच वेळी पाच-दहा खोल्यांत निबंध वाचले जातात, पुस्तकवाल्यांची दुकाने लागतात, ओळखीपाळखी होतात. नोकऱ्यांची बोलणीही तेथेच चालतात. आमच्या युनियनच्या अधिवेशनासारखेच म्हणा, फक्त घोषणा नाहीत आणि चहा कपबशीतून.

आमच्या या मुलीने वर्गणी स्वतःच्या पगारातून भरली. गळ्यात नावाचा बिल्ला, त्याखाली देशाचे नाव. पहिल्याच दिवशी एका भरती करणाऱ्याच्या टेबलापाशी ती उभी राहिली. त्या माणसाने तिची पदवी विचारली नाही, अनुभवही विचारला नाही. बिल्ल्यावरचा देश वाचला आणि हसून म्हणाला, आम्हाला नेटिव्ह पाहिजेत. तिच्या मागे उभ्या असलेल्या गोऱ्या मुलाला त्याने खुर्ची दिली. त्या मुलाने शिकवण्याचे शिक्षण घेतलेले नव्हते, हे त्यानेच तिला नंतर चहाच्या वेळी मोकळेपणाने सांगितले. पोरगा भला होता. दोष त्याचा नाही, खुर्ची मांडणाऱ्याचा आहे.

या नेटिव्ह शब्दाची गंमत पाहा. इंग्रजांच्या राज्यात नेटिव्ह म्हणजे आपण, खालचे. आज इंग्रजी शिकवण्याच्या धंद्यात नेटिव्ह म्हणजे ते, वरचे. शब्द तोच राहिला, माणसांच्या जागा बदलल्या, आणि दोन्ही वेळा आपण खालीच!

ही समजूत कागदावर कशी आली तेही सांगण्यासारखे आहे. १९६१ साली आफ्रिकेतील युगांडा देशात, कंपाला शहरातल्या मकेरेरे कॉलेजात, राष्ट्रकुलातील देशांची इंग्रजी कसे शिकवावे याविषयी परिषद भरली होती. साम्राज्य आवरते घेतले जात होते, नवे देश स्वतंत्र होत होते, आणि त्यांच्या शाळांतून इंग्रजीचे काय करायचे हा प्रश्न होता. त्या परिषदेतून जे विचार पुढे रूढ झाले ते थोडक्यात असे: इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, जन्माने इंग्रजी बोलणारा शिक्षक सर्वांत उत्तम, जितके लवकर सुरू कराल तितके चांगले, जितके जास्त शिकवाल तितके चांगले, आणि वर्गात दुसरी भाषा आली की इंग्रजी बिघडते. रॉबर्ट फिलिप्सन नावाच्या गृहस्थांनी १९९२ साली पुस्तक लिहून या पाचही गोष्टींना भ्रम ठरवले. फिलिप्सन स्वतः जन्माने ब्रिटिश, हे मुद्दाम सांगतो.

आपल्या घरांना यातले पहिले आणि पाचवे कलम जास्त जाचते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते, २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले. लवकर सुरू झाले याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु कळव्या-मुंब्र्याच्या गल्ल्यांतून जी इंग्रजी माध्यमाची दुकाने निघाली, तेथे मराठी बोलले तर पोराला दंड करतात. घरी आईला म्हणतात, पोराशी इंग्रजीत बोला. सकाळी सहाला कामावर निघणारी बाई कोणाशी इंग्रजीत बोलणार? मग तिला वाटू लागते की पोराचे नुकसान आपल्यामुळे होत आहे. ही लाज तिच्या गळ्यात घातली कोणी, ते कंपालापासून शोधत यावे लागेल.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मुलीचा वीस मिनिटांचा निबंध होता. विषय तिने असा घेतला होता की, मुलांच्या मातृभाषेचा आधार घेऊन इंग्रजी कसे शिकवता येते. ती स्वतः तशीच शिकली. आमच्या रविवारच्या वर्गात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अजून वापरली जाते. हल्लीचे शिक्षक नाक मुरडतात, पण मराठी वाक्य वाचायचे, इंग्रजीत करायचे, चुकले की का चुकले ते मराठीतच समजून घ्यायचे, हा रिवाज आम्ही सोडलेला नाही. थायलंडमध्ये तिने तेच केले. ती थोडी थाई शिकली, मुलांकडून थाई वाक्ये घेतली, इंग्रजी वाक्ये त्यांच्या शेजारी मांडली. गप्प बसणारी पोरे बोलू लागली, असे ती सांगते.

आणि या रिवाजाला केवढा मोठा आधार आहे! बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी भिवाला इंग्रजी शिकवले ते हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरे पाठ करवून, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. बाप आपल्या मराठीतून लेकाला इंग्रजीपर्यंत घेऊन गेला. तोच लेक १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध त्याने परक्या विद्वानांपुढे वाचला. तेव्हा बाबासाहेबांचे वय पंचवीस वर्षांचे होते.

परदेशात शिक्षकांच्या सभेत मान मिळतो आणि घरी काय मिळते, हेही तेथेच कळते. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. शिकवणे असे की बाहेरच्या कॉलेजातले विद्यार्थी त्यांचे व्याख्यान ऐकायला येत. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. शिकलेल्या, पदवीधर सहकाऱ्यांनी!

म्हणून आमच्या मुलीच्या हकिकतीतला पुढचा भाग ऐकून आम्हाला नवल वाटले नाही. दुपारच्या जेवणाला भारतातून आलेले सहा-सात शिक्षक एका टेबलावर बसले. परमुलखात आपली माणसे भेटली म्हणून ती आनंदाने तेथे गेली. बिल्ल्यावर तिने नाव आणि वडिलांचे नाव एवढेच लिहिले होते. एका बाईंनी विचारले, महाराष्ट्रात कुठे? ही म्हणाली, कळवा. कळव्यात कुठे? हिने सांगितले. मूळ गाव कोणते? तेही सांगितले. आणि पूर्ण नाव काय? तेही तिने सांगितले. मग बाई म्हणाल्या, असे का, आणि ताटाकडे पाहू लागल्या. जेवण संपेपर्यंत पुन्हा कोणी काही विचारले नाही. सकाळी गोऱ्यांच्या टेबलावर पासपोर्ट विचारला गेला, दुपारी आपल्यांच्या टेबलावर आडनाव. वर्गात ही गोष्ट सांगताना ती थांबली नाही, की तिचा आवाजही बदलला नाही. मागे बसलेल्या एका आजीने मात्र डोळ्याला पदर लावला.

जेवणानंतर लगेच निबंध होता. वाचावा की तसेच निघून जावे, असे मनात आले, असे ती म्हणाली. तिने वाचला. खोलीत बाराएक माणसे होती, बहुतेक थाई आणि फिलिपिनो शिक्षिका. थायलंडमध्ये फिलिपिन्सहून आलेले शिक्षक बरेच आहेत, आणि तेच काम करून गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी पगार घेणेही त्यांच्या नशिबी असते. निबंध संपल्यावर प्रश्नांना वेळ पुरला नाही. एका वयस्कर थाई शिक्षिकेने तिच्या भाषांतराच्या वह्यांचे फोटो मागून घेतले.

या जन्माच्या दाखल्याविरुद्ध शिक्षकांनी आवाज उठवलेला नाही असे नाही. १९९६ साली शिकागो येथे टेसॉलचे अधिवेशन भरले, तेव्हा श्रीलंकेचे जॉर्ज ब्रेन यांनी इंग्रजी ज्यांची जन्मभाषा नाही अशा शिक्षकांना एका व्यासपीठावर बसवून त्यांच्याच तोंडून त्यांचे अनुभव मांडायला लावले. त्यातून १९९८ साली अशा शिक्षकांचा वेगळा गट उभा राहिला. २००६ मध्ये टेसॉलने असा भेदभाव चुकीचा असल्याचे लेखी जाहीर केले. जाहीरनाम्याने लगेच नोकऱ्या मिळत नाहीत, ते आम्ही कारकुनी करून चांगले जाणतो. परंतु कागद असला की त्यावर बोट ठेवून भांडता येते.

सरकारी नियमांतही फट पडते. दक्षिण कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकाचा परवाना फक्त अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळत असे. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात पदवी आणि इंग्रजी शिकवण्याचे प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांना सहायक शिक्षक म्हणून वाट ठेवण्यात आली. वाट अरुंद आहे, पण आपल्या बी.एड. झालेल्या मुलामुलींना ती ठाऊक तरी असावी.

इंग्रजीचे मास्तर परदेशातून काय घेऊन येऊ शकतात, याचे आपल्यातले ठळक नाव प्रा. म. ना. वानखेडे. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि फ्लॉरिडा विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात पीएच.डी. झाले. शिकायला गेले व्हिटमनसारखा गोरा कवी, पण तेथे त्यांनी निग्रो लेखकांचे साहित्य वाचले. मालकाच्या भाषेत गुलामाच्या नातवाने स्वतःचे दुःख आणि संताप कसा मांडला, ते पाहिले. परत येऊन बाबासाहेबांनी १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात ते प्राचार्य झाले, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरांना त्यांनी सांगितले की तुमचे जगणे हाच लिहिण्याचा विषय आहे. त्याच परिसरात १९६७ च्या सुमारास ‘अस्मिता’ नियतकालिक निघाले, पुढे त्याचेच प्रा. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले. दलित साहित्याचा वृक्ष आपल्या मातीतलाच, पण एका इंग्रजीच्या मास्तराने दूरदेशाहून आणलेले पाणीही त्याला मिळाले आहे. आमच्या पिढीला हे शाळेत कोणी सांगितले नाही.

आता थोडे कामाचे. या हकिकतीनंतर तीन-चार मुलींनी आमच्याकडे थायलंडची चौकशी केली. तेथे शाळेत शिकवायचे तर पदवी हवी, पोलीस पडताळणीचा चारित्र्याचा दाखला हवा, नोकरीसाठीचा व्हिसा हवा, आणि तिकडच्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सवलत लागते. ही सवलत शाळेनेच मागून घ्यायची असते. पर्यटकाच्या व्हिसावर जा, पुढचे तिकडे करून घेऊ, असे जो एजंट म्हणेल त्याच्या घरची पायरी चढू नये. २०२२ मध्ये थायलंडच्या नोकरीचे आमिष दाखवून आपल्या तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याचे प्रकार झाले, आणि परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत पाहता येते. करारावर पगार किती, घरभाडे कोणाचे, सुट्टीचा पगार मिळतो की नाही, हे लिहून घेतल्याशिवाय पतपेढीचे कर्ज काढू नका. सुट्टीचे दोन महिने बिनपगारी गेले तर हप्ता भरायचा कुठून, हे आमच्या मुलीच्या घरच्यांना पहिल्या वर्षी चांगलेच कळले.

तिचा करार यंदा पुन्हा झाला, पगार मात्र तोच राहिला. कर्जाचे अकरा हप्ते बाकी आहेत. जाताना तिने तर्खडकरांच्या पहिल्या भागाच्या दोन प्रती नेल्या, एक स्वतःसाठी आणि एक त्या थाई बाईंसाठी. बाईंना मराठी येत नाही, पण पुस्तकाची मांडणी त्यांना पाहायची आहे.