शाळेच्या शेवटच्या नळाचं पाणी

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचा परिसर काळ्या बेसॉल्ट खडकाचा. विहिरी-बोअरचं पाणी या खडकाच्या भेगांतून येतं. ते नितळ दिसलं म्हणजे मुलांना पिण्याजोगं आहे, असं नाही.

शाळेत रोज सहज होऊ शकते ती ओटी चाचणी. पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. नमुना टाकीतला नको, मुलं बाटल्या भरतात त्या शेवटच्या नळाचा घ्यावा, कारण पाइप फुटून घाण शिरली असेल तर ती तिथेच उघडी पडते. रंग आलाच नाही, तर हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून वरची निवळी टाकीत ओतायची आणि निदान अर्धा तास थांबायचं. पोतं उघडं राहिलं असेल तर पावडरीतला क्लोरीन उडालेला असतो आणि ती टाकून उपयोग होत नाही.

नायट्रेटचं दुखणं वेगळं. खतं, उकिरडे, शोषखड्डे यांतून ते विहिरीत उतरतं, आणि क्लोरीननं किंवा उकळून जात नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळलं तर पाण्याचा स्रोत बदलणंच बरं. ही तपासणी प्रयोगशाळेत होते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने पाठवतो. अहवाल मुख्याध्यापकांनी मागून घ्यावा आणि पालकांना दिसेल असा लावावा.

२ ऑक्टोबर २०२० पासून जलजीवन मिशनने शाळा-अंगणवाड्यांत नळ देण्याची मोहीम घेतली. नळ आला, तरी टाकी घासण्याचं काम शाळेकडेच राहतं. उन्हाळी सुटीत साचलेलं पाणी जूनमध्ये पहिली घंटा होण्याआधी काढून टाकलंच पाहिजे.