लाल तार, काळी तार

सकाळी साडेसहा

चहाच्या आधी मी सॉकेटात मीटर घालतो. बायको म्हणते, लोक उठून देवाला हात जोडतात, आमच्याकडे करंटला. आज २३६ आलं, म्हणजे ठीक. वैशाखातल्या दुपारी हाच आकडा १९० पर्यंत उतरलेला मी बघितलाय, आणि दोन वर्षांमागं खांबावरचा न्यूट्रल सुटला त्या सकाळी ३४० दाखवत होता. न्यूट्रल गेला की दोन फेजमधला चारशे व्होल्टचा दाब घरांमध्ये कसाही वाटला जातो. एकाकडे बल्ब मिणमिणतो, शेजारच्याकडे टीव्ही जळतो. त्या एका दिवसात माझ्या टेबलावर चार टीव्ही आणि दोन डेक आले होते.

डेक म्हणजे घरातला गाण्याचा सेट. अँप्लिफायर असो, टेप असो की रेकॉर्ड प्लेअर, उदगिरात सगळ्याला डेकच म्हणतात. तो दुरुस्त करणं आणि घरी जाऊन लावून देणं हा माझा धंदा. पहिलं काम आता कमी झालंय, दुसरं मात्र वाढलंय. पुण्या-हैदराबादला नोकरीला गेलेली पोरं आई-वडिलांना सेट पाठवतात, अन् खोक्यातून काढून तो जोडायला घरात कुणी नसतं.

साडेआठ

दुकान उघडलं तर पायरीवर एक जण खोकं घेऊन बसलेला. देगलूर रोडकडच्या गावातला.

"मामा, आवाजच येईना गेलाय. काल रात्री चालू होता, कायकी झालं, फट्कन् बंद."

"वास आला होता का?"

"आला ना. जळल्यावानी."

झाकण काढलं. आत दोन बोटं धूळ, उंदराच्या लेंड्या, आणि ट्रान्सफॉर्मरवरचा वॉर्निश काळा पडून बुडबुडे आलेले. फ्यूजकडं बघितलं तर काचेच्या नळीवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. दोन अँपिअरच्या फ्यूजला पाच-दहा रुपये पडतात. तो उडाला तेव्हा आत काहीतरी बिघडलं होतं, बहुतेक आउटपुटची आयसी शॉर्ट झाली होती. त्याच वेळी सेट माझ्याकडं आला असता तर आयसी बदलून दोन-तीनशेत काम झालं असतं. चांदी लावल्यावर करंट थांबवायला कुणी उरलंच नाही, अन् ट्रान्सफॉर्मर जळाला. नशीब की खाली लाकडी फळी होती अन् वर पडदा नव्हता.

त्याला मी रागावलो नाही. चांदी लावायची युक्ती त्याला ज्यानं शिकवली तो माझ्यासारखाच कुणीतरी कारागीर असणार.

झाकण काढलं तरी आत लगेच हात घालायचा नाही, हे मात्र दुकानात शिकायला येणाऱ्या पोराला मी रोज सांगतो. प्लग काढला म्हणजे करंट गेला असं नसतं. फिल्टरचे ते दोन मोठे कंडेन्सर पोटात दाब धरून ठेवतात. मोठ्या अँप्लिफायरमध्ये कधी कधी तासाभरानंही. मी पहिल्या वर्षी घाईत त्यावर पेचकस आडवा टेकवला होता. टोकाचा मोहरीएवढा तुकडा वितळून उडाला, कानठळी बसली. तो पेचकस मी फेकला नाही, भिंतीवर खिळ्याला टांगलाय. आता आम्ही दहा वॅटचा रेझिस्टन्स टोकांवर धरतो, मनात वीस मोजतो, मग मीटर लावून शून्य बघतो, अन् मगच डाग द्यायचा कय्या उचलतो.

साडेदहा

किल्ल्याच्या बाजूच्या जुन्या वस्तीत एका निवृत्त गुरुजींकडे जायचं होतं. गुरुजी इतिहासाचे. आम्हाला १७६० ची उदगीरची लढाई त्यांनी तोंडानं तोफा वाजवून शिकवली होती. भाऊसाहेब पेशवे एकीकडं, निजाम एकीकडं, अन् मधे इब्राहिमखान गारद्याच्या तोफा. वर्गातला डावीकडचा बाक मराठ्यांचा, उजवीकडचा निजामाचा. आज विचार केला तर स्टिरिओ मला पहिल्यांदा तिथंच कळला असणार.

मुलानं पुण्याहून नवा रेकॉर्ड प्लेअर अन् दोन बॉक्स पाठवलेले, अँप्लिफायर गुरुजींचा स्वतःचा, चाळीस वर्षांचा. भाच्यानं आठ दिवसांपूर्वी सगळं जोडून दिलं होतं.

"बाबा रे, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो," गुरुजी म्हणाले. "आणि घूं घूं. ऐकूच वाटत नाही. मशीनच खराब दिसतंय, परत पाठवू का?"

मशीन बहुधा खराब नसतं. तीस वर्षांत मी नवं निघालेलं खराब मशीन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं बघितलंय. खराब असते ती जोडणी. इथं तर चुकांचं प्रदर्शनच होतं. दोन्ही बॉक्स एकाच कपाटावर, एकमेकांना चिकटून, छताजवळ. अँप्लिफायरच्या जाळीवर गुरुजींच्या बाईंनी विणलेला रुमाल, रुमालावर पाण्यानं भरलेली फुलदाणी. ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर, त्यावरच सेट. आणि प्लगची तिसरी पिन कापलेली, कारण बोर्ड दोन पिनचा.

ही तिसरी पिन मला सगळ्यात जास्त छळते. ती बाकी दोन पिनांपेक्षा लांब अन् जाड केलेली असते ती उगीच नाही. घालताना आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. आत एखादी तार सुटून पत्र्याला लागली तर करंट माणसातून न जाता जमिनीत जायला हवा. ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्याला दुहेरी आवरण असतं, त्याला तिसरी पिन लागत नाही. गुरुजींचा अँप्लिफायर लोखंडी पेटीचा, त्याला ती हवीच.

नुसती पिन असून भागत नाही, खाली अर्थिंग जिवंत पाहिजे. टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थला लावला, कोळशातल्या निखाऱ्यासारखा लाल. म्हणजे अर्थिंग नावापुरतं. अंगणात तुळशीमागं खड्डा सापडला, कोळसा-मीठ घातलेला, पण कोरडा ठणठणीत. मी दोन बादल्या पाणी ओतलं. तासाभरानं लॅम्प बराच उजळला. बाईंना म्हटलं, "आई, तुळशीला घालता तसं ह्यालाही उन्हाळ्यात पाणी घालत जा. पण हा तात्पुरता उपाय आहे. वायरमनला बोलवून नवं अर्थिंग करून घ्या, आणि मेन बोर्डात तीस मिलिअँपचा ट्रिप होणारा स्विच बसवा. एवढ्याशा गळतीलाही तो लाइन तोडतो."

मग घूंकार. प्लेअरच्या मागं दोन पिनांबरोबर एक बारीक एकटी तार लोंबत होती, टोकाला चिमटा. भाच्याला वाटलं जास्तीची असेल, त्यानं टेपनं गुंडाळून ठेवली होती. ती अँप्लिफायरच्या मागच्या अर्थच्या स्क्रूला लागते. लावली, घूं गेली.

आवाज बारीक येण्याचं कारण वेगळंच. पिना 'ऑक्स'मध्ये घातलेल्या. रेकॉर्डवरच्या सुईतून निघणारा करंट चार-पाच मिलिव्होल्टचा, ऑक्सला दीड-दोनशे लागतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की बाजू दहा मिनिटांत संपेल. वरचे स्वर उलट चढवलेले. अमेरिकेतल्या कंपन्यांनी १९५४ साली त्याचं माप ठरवलं आणि पुढं तेच सगळीकडं चाललं. ते उलटवून सरळ करणारं सर्किट फक्त 'फोनो'च्या भोकांमागं असतं. काही नव्या प्लेअरमध्ये ते आतच असतं आणि मागं एक छोटा खटका असतो, तो आधी बघायचा. दोन्हीकडं चालू राहिलं तर आवाज फाटतो.

"एल.पी. कधी आली रे?" गुरुजींनी विचारलं. जुना शिक्षक, उत्तर येतं का ते बघत होते.

"१९४८ च्या जूनमध्ये, गुरुजी. अमेरिकेत."

"म्हणजे आपण अजून निजामात होतो. सप्टेंबरात सुटलो," ते म्हणाले, आणि खूश झाले.

शेवटी बॉक्स. कपाटावरून काढले, हे तर आधी. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घरी माझा बॉक्स फळीवरून खाली आला, तो धाकट्या भावाच्या उशीपासून हातभर अंतरावर. तेव्हापासून मी कुणाच्याही घरात जड बॉक्स डोक्याच्या वर ठेवू देत नाही. दोन लाकडी स्टुलं घेतली. दोन बॉक्समध्ये सहा फूट, आणि गुरुजींची खुर्ची दोघांपासून तेवढ्याच अंतरावर, म्हणजे चुलीच्या तीन दगडांसारखी बैठक. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत. भिंतीपासून दोन फूट पुढं, कारण कोपऱ्यात कोंबला की खर्ज फुगतो आणि तबला पिठाच्या डब्यासारखा वाजतो. ही खोली माळवदाची, लाकडी खांबांची. अशा खोलीत आवाज गोल राहतो. नव्या फरशीच्या, स्लॅबच्या खोल्यांत मी समोरच्या भिंतीला वाकळ टांगायला सांगतो, लोक हसतात.

आणि विहीर? एका बॉक्सला लाल तार लालला, दुसऱ्याला लाल काळ्याला. असं झालं की एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. दोघं एकमेकांची हवा खातात. खर्ज गायब होतो आणि गाणाऱ्याचा पत्ता लागत नाही. बॉक्सचं काय खरं ते तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. तारा अँप्लिफायरमधून काढून सेलला क्षणभर टेकवायच्या. धन लालला असेल तर पडदा केसभर पुढं उडी मारतो. गुरुजींना मी बोट लावून बघायला लावलं. ते दोनदा म्हणाले, "परत कर." टोकं पिळून, एकही केस बाहेर न ठेवता घातली, कारण लाल-काळ्याचा एक केस जरी एकमेकांना लागला तरी आउटपुट जातं. हे सगळं प्लग काढून. मग आवाज शून्यावर, आधी प्लेअर चालू, शेवटी अँप्लिफायर. बंद करताना उलटं.

सुई टेकवली. खाचेच्या एका भिंतीवर डावा आवाज, समोरच्या भिंतीवर उजवा, आणि सुई दोन्ही अंगांनी डुलत जाते. ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९३१ सालीच त्याचं पेटंट मागितलं होतं, दुकानात अशी रेकॉर्ड यायला पुढं पंचवीसेक वर्षं गेली.

गाणं सुरू झालं. स्वयंपाकघरातून बाई हात पुसत आल्या, थांबल्या, दोन्ही बॉक्सकडं बघितलं, आणि मधल्या टीपॉयवरचं कापड उचलून खाली वाकून बघायला लागल्या.

"काय शोधलालाव?" गुरुजी.

"हिथं तिसरा ठेवलाय ना? गाणारा हितनं गायलालाय."

तीन वाजता

जेवण, पंखा, शटर अर्धं. या वेळेला मी कॅसेटी करतो, म्हणजे पट्टा बदलायचा, हेड पुसायचं. एका पिशवीत वचनं कन्नडमध्ये, एकीत कव्वाल्या, एकीत वारकरी भजनं. बिदर इतकं जवळ असलं की असंच होतं. हेड पुसायला कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतो. अत्तर लावून पुसणारे आणि रबराचा रोलर चिकट करून आणणारे दर महिन्याला एक-दोन असतात. त्यांच्याबद्दल काय लिहायचं?

साडेपाच

कॉलेजची दोन पोरं. चारशे वॅटचा सेट घेतलाय, त्याला आणखी दोन बॉक्स जोडायचेत. खोक्यावर बघितलं तर मोठ्या अक्षरात पी.एम.पी.ओ. हा आकडा म्हणजे लग्नातल्या मुलाचा पगार. खरं काय ते आर.एम.एस. खाली बारीक अक्षरात, इथं वीस अधिक वीस.

"आठ ओहमचा बॉक्स आहे एका बाजूला. त्यालाच दुसरा जोडला तर चार होतात. तिसरा-चौथा जोडला तर दोन. तुझा अँप्लिफायर चारपर्यंत झेपतो असं मागं छापलंय. दोनवर तो दुप्पट करंट ओढेल अन् तापून जाईल."

"मग मामा, आवाज वाढवायचा कसा?"

मी आवाज पूर्ण चढवला. छोटा अँप्लिफायर ताकदीबाहेर ओढला की लाटांची डोकी कापली जातात, आवाज कर्कश होतो, अन् सगळ्यात आधी ट्विटर जळतो. पोरांना फरक कळला नाही. मला कळतो, पण एकाच कानानं. विशीत लग्नाच्या मांडवात भोंगे लावायचो, डाव्या बाजूला उभा राहून. आजही रात्री घर शांत झालं की त्या कानात रातकिडा वाजतो. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास चालतात, तीन डेसिबल चढले की वेळ निम्मा. शंभरावर पाव तासच उरतो. पोरं मोबाइलवर हिशोब करून बघत होती, ते मला आवडलं. दोन बॉक्स मी विकले नाहीत. ते बहुधा दुसऱ्या दुकानातून घेतील.

पावणेदहा

घरी. जेवण झालंय. माझा सेट मी हळू लावतो, बायकोला मालिकेतलं ऐकू यायला हवं. फोन वाजला. गुरुजी.

"झोपला नाहीस ना? एक विचारायचं होतं. तबला उजवीकडून येतोय आणि पेटी डावीकडून. हे बरोबर आहे ना? की तारा उलट्या लागल्यात?"

"रेकॉर्डच्या खोक्यावर मैफलीचा फोटो आहे का बघा. तबलजी कुठं बसलाय?"

बराच वेळ कागदाची सळसळ. चष्मा शोधल्याचा आवाज. मागून बाई काहीतरी म्हणाल्या.

"आमच्या हिच्या मते उजवीकडं. मला तो तानपुरेवाला वाटतो. तू उद्या येऊन बघून जा."

"येतो. गुरुजी, दहाला पाच कमी आहेत. आवाज जरा उतरवा."